वाळू कमी, माळ जास्त

जैसलमेरच्या सहलीला नाव नोंदवणारा जो तो वाळूसाठी येतो. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, पण वाळूचे धोरे त्यात वीसेक टक्केच. बाकी मुरूम, खडक आणि गवताळ माळ. माहितीपत्रकात मी हे ठळक छापतो. वाचतंय कोण? पहिल्याच दुपारी "सर, वाळू कधी येणार?" ठरलेलं.

मी छत्रपती संभाजीनगरहून छोटे गट नेतो. तारीख हिवाळ्यातली अमावास्या बघून धरायची. दिवसा पायी, रात्री आकाश. सकाळी बूट उलटे करून आपटायचे, कारण विंचवाला उबदार जागा आवडते. रात्री फक्त लाल टॉर्च. अंधाराला डोळे नीट सरावायला अर्धा तास लागतो आणि एकानं मोबाइल उघडला की सगळ्या गटाचा अर्धा तास मातीत! सम गावच्या धोऱ्यांवरल्या पर्यटकांच्या तंबूंकडं मी फिरकत नाही. इतक्या लांब येऊन लोक डीजे ऐकतात, त्यांना काय बोलायचं. आम्ही खुहडीच्या पुढं, गावाच्या कडेच्या धोऱ्यावर झोपतो.

या खेपेला आष्टी तालुक्यातले एक आबा होते. सत्तरी ओलांडलेली, धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा. पैसे पोरानं भरले असतील असं मी धरून चाललो होतो. वाळूबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खेजडीच्या झाडापाशी थांबले, पाला चुरगाळला, म्हणाले, "ही तर सौंदड. दसऱ्याला पुजतो आम्ही." आणि थोडं पुढं गेल्यावर, "सर, ह्यो तर आपलाच माळ हाय की."

सुदासरीच्या बाजूला चालताना ते एकदम खाली बसले आणि हातानं सगळ्यांना बसवलं. मी दुर्बीण लावली. सेवण गवताशिवाय काही दिसेना. "मान बगा. रुईच्या डाव्या अंगाला." गवताच्याच रंगात एक फिकट मान सरळ उभी होती, डोक्यावर काळी टोपी. माळढोक! आमचा वाटाड्या "गोडावण, गोडावण" पुटपुटत राहिला. हेच दाखवून पोट भरणाऱ्या त्यालाही आबांच्या आधी दिसला नव्हता. देशात मोकळ्या रानात उरले असतील दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

"करडीच्या रानात यायचे आमच्याकडं," आबा म्हणाले. "नाकतोडं टिपायचे. ल्हानपणी लई बगितले."

परतताना विजेचे मनोरे लागले, नजर जाईल तिथवर. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेला धडकून मरतो. या भागातल्या तारा जमिनीखालून न्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न समितीकडे दिला. हे मी दर गटाला सांगतो, सवयीनं. आबांनी मात्र विचारलं, "ही वीज कशाची?" बरीचशी सौरऊर्जेची, म्हटलं. ते गप्प झाले.

रात्री तिकांडं, व्याध असे तारे दाखवून झालं. मध्यरात्रीच्या सुमारास आबाच म्हणाले, "अगस्ती लईच खाली गेला हो." बरोबर होतं. आष्टीहून तो क्षितिजापासून साडेअठरा अंश वर चढतो, इथं जेमतेम साडेदहा, कारण आपण आठ अंश उत्तरेला आलेलो असतो. फी भरून आलेल्या कुणाच्या हे आजवर ध्यानात आलं नव्हतं. मी खूश होऊन अक्षांश समजावत होतो, तेवढ्यात त्यांनी सांगून टाकलं: करडीच्या रानाशेजारचा सगळा माळ सोलरवाल्यांना भाड्यानं दिलाय. "त्याच भाड्यातून तुमची फी भरली. चार एकर ठिवलंय, शेरडांपुरतं. पवन्या गवत असतं तितं, कमरंइतकं."

बरं केलं की वाईट, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? कोरडवाहू माळ पिकून जेवढं देणार नाही, तेवढं भाडं येतं.

परत आल्यावर एकानं तक्रार लिहिली, वाळू कमी होती म्हणून. आणि आबांचा फोन आला. त्या चार एकरांत येत्या अमावास्येला माणसं आणता का, झोपायला घोंगड्या आहेत, भाकरी सुना करतील. "फकस्त पैसं किती घ्यायचं ते तुमी सांगा."

दर अजून ठरवलेला नाही. जाहिरातीत काय दाखवणार असं लिहायचं, तेही ठरत नाहीये.