तुम्ही विचारलंत म्हणून: घरात लॅपटॉप असताना कॅसेट कशाला?

हा प्रश्न मला भाच्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. डॉक्टरांकडे मी मान दाखवायला गेलो होतो. दिवसातले किती तास स्क्रीनसमोर असता, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ऑफिसात नऊ, घरी शून्य. मग घरी काय करता? गाणी बांधतो आणि रेकॉर्ड करतो. कशावर? कॅसेटवर. त्यांनी माझी मान सोडली, खुर्ची पुढे ओढली आणि बाहेर चार पेशंट बसलेले असताना दहा मिनिटं कॅसेटबद्दल बोलत राहिले.

भाचा दर गणपतीत विचारतो. "मामा, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वाटेल तेवढे ट्रॅक मिळतात. चुकलं तर बटण दाबून मागे जाता येतं. तू हा चार ट्रॅकचा डबा घेऊन काय बसलायस?"

लोकांना वाटतं मी आता कॅसेटच्या उबदार आवाजाचं कौतुक सुरू करणार. माझ्या कॅसेटचा आवाज उबदार वगैरे काही नाही. त्यात मागे सतत 'सूंऽऽ' चालू असतं, पंखा सुरू राहिल्यासारखं. बालपणाच्या आठवणीही यात नाहीत. कारण वेगळं आहे, पण त्यासाठी आधी माझी कुंडली सांगावी लागेल.

मी मूळचा लालबागचा. शाळेत असल्यापासून बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचो. मुंबई-कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा इंग्रजी सिनेमातला गोल बँजो नव्हे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारख्या कळा. जपानात नागोयाला १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, त्यातल्या कळा टाइपरायटरवरूनच सुचलेल्या. तेच वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि आमच्या पोरांनी त्याला पिकअप लावून, ॲम्प्लिफायरला जोडून, विसर्जनाच्या मिरवणुकीत टेम्पोवर चढवलं. डावा हात कळांवर, उजव्या हातात प्लास्टिकची पट्टी, शेजारी जनरेटर धडधडतोय आणि खाली रस्ताभर माणसं नाचतायत. तिथे मागे जायचं बटण नसतं. सूर चुकला तर तोच सूर पुढच्या ओळीत पुन्हा मुद्दाम लावायचा, म्हणजे ती जागाच तशी आहे असं वाटतं. अर्धं शिक्षण हेच होतं.

पुढे बी.कॉम. झालो. आता जीएसटीची रिटर्नं भरतो, दुसऱ्यांची. माझं पोट चुकीचा आकडा शोधण्यावर चालतं. तीनशे ओळींच्या शीटमध्ये न जुळणारी रक्कम मला न वाचता दिसते, भातातल्या खड्यासारखी.

लॅपटॉपवर मी रीतसर चार वर्षं काढली. ऑडिओ इंटरफेस घेतला, कंडेन्सर माइक घेतला, बायकोच्या दोन जुन्या गोधड्या भिंतीला टांगल्या. पहिल्या रात्री सॉफ्टवेअर उघडलं तर समोर वाद्यांच्या आडव्या ओळी आणि ठेक्याच्या मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेघा. ऑफिसातून जे बघून आलो होतो तेच, फक्त रंगीत.

आमच्या पार्टीतले ढोलकीवाले काका एका रविवारी येऊन एका गाण्याला ढोलकी वाजवून गेले. काकांचा ठेका रेघेच्या किंचित मागे पडतो. हे मला त्यांच्यासोबत वीस वर्षं वाजवून कधी जाणवलं नव्हतं. स्क्रीनवर दिसलं आणि मग राहवेना. एकेक थाप उचलून रेघेवर नेऊन बसवली. दोन रात्री गेल्या. काकांना ऐकवलं तर म्हणाले, "कोण वाजवतंय?" म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, "मी असा घाबरून वाजवत नाही."

मूळ फाइल शाबूत होती म्हणून ती ढोलकी परत मिळाली. हे श्रेय लॅपटॉपला द्यायलाच हवं. पण तेच मी पेटीचंही केलं होतं. दोन ओळींच्या मध्ये भात्याचा 'हुस्स' आवाज येतो, तो मला स्क्रीनवर केसाळ सुरवंटासारखा दिसायचा. सगळे सुरवंट कापून टाकले. नंतर ऐकलं तर पेटी कुणीतरी नाक दाबून वाजवल्यासारखी. सुरवंट पुन्हा चिकटवले नाहीत, ते गाणंच सोडून दिलं. अशी सोडलेली गाणी चार वर्षांत बरीच साठली. पूर्ण झालं असं एकही नाही, कारण बघितलं की प्रत्येकात काहीतरी न जुळणारं सापडायचंच.

तेव्हा सॉफ्टवेअरबद्दल माझी तक्रार नाही. त्यावर उत्तम काम करणारी माणसं मला माहीत आहेत. माझ्या डोळ्यांना पगार चुका शोधायचा मिळतो आणि ते घरी येऊनही ड्युटी सोडत नाहीत. कान मात्र टेम्पोवर तयार झालेत. गाणं कानांच्या ताब्यात राहायचं तर डोळ्यांना खोलीबाहेर ठेवणं भाग होतं.

भाचा ज्याला डबा म्हणतो ते कॅसेटवर रेकॉर्ड करायचं यंत्र मला जिंगलचा धंदा आवरणाऱ्या एका गृहस्थांकडून मिळालं, अक्षरशः कपाटाच्या वरून. त्याची गंमत सांगतो. साध्या कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद असते. तेवढ्यात चार पट्टे बसवलेले असतात, ए बाजूचा डावा-उजवा आणि बी बाजूचा डावा-उजवा. टॅस्कॅम कंपनीने १९७९ साली पोर्टास्टुडिओ काढला तेव्हा हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरायची शक्कल लढवली. म्हणजे एकावर ढोलकी, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर बेंजो, चौथ्यावर गळा, वेगवेगळ्या वेळी घेतलेले पण एकत्र वाजणारे. शिवाय आवाज बरा यावा म्हणून वेग दुप्पट, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी साधारण ९.५. माझं यंत्र त्याच जातीचं, जरा नंतरच्या काळातलं. हिशेब सोपा आहे: साठ मिनिटांची कॅसेट पलटायची सोय नाही आणि पळते दुप्पट, म्हणजे हातात पंधरा मिनिटं.

ही कॅसेट साध्या टू-इन-वनमध्ये घालू नये. आईने एकदा घातली. अर्ध्या वेगाने माझा आवाज रेड्यासारखा आला, तिने बाजू पलटली तर बेंजो उलटा वाजायला लागला. तिने गॅस बंद केला आणि देवाजवळ जाऊन बसली.

चारपेक्षा जास्त वाद्यं हवी असतील तर 'बाउन्स' करायचं. पहिले तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. पुसले की गेले. ढोलकी, पेटी आणि टाळ यांचा आपसातला तोल त्या क्षणी ठरतो आणि कायमचा राहतो. शिवाय प्रत्येक बाउन्सला मागचं 'सूंऽऽ' वाढतं, त्यामुळे हौस म्हणून करत बसता येत नाही. आजवर मी यात सगळ्यात जास्त वेळ कशात घालवला असेल तर बाउन्सच्या आधी. डोळे मिटून तेच गाणं पाच-सहा वेळा ऐकायचं, बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्यांवर. सुरुवातीला ही भीती होती. हल्ली त्या बैठकीची वाट बघतो.

चुकतंच. एका गाण्यात बाउन्स करताना मी ढोलकी इतकी मोठी ठेवली की वरचं सगळं बिचकून उभं राहिलं. परत जायला जागा नव्हती. मग बेंजोची नाजूक चाल टाकून दिली आणि सरळ मिरवणुकीतल्यासारखा वाजवला, गळाही तसाच लावला. गाणं वेगळंच झालं. हळू सुरात काहीतरी म्हणायचं ठरलं होतं, ते आता ओरडून म्हटलंय. काकांना फोनवर ऐकवलं. "आता ढोलकी बरोबर आहे," म्हणाले. त्यांचं मत धरू नका, ढोलकीवाल्याला ढोलकी कधीच मोठी वाटत नाही.

आणखी एक. यंत्राला वेग थोडा कमीजास्त करायचं एक बटन असतं, फिरवायचं. पुसताना माझ्या फडक्याने ते सरकलं. मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी बेंजोच्या तारा टेपवरच्या पेटीला लावून घेतल्या, वाजवलं, गायलो, सगळं छान. चार दिवसांनी पेटीचा आणखी एक तुकडा घालायला बसलो तर पेटी जुळेना. टेपवरची पेटी काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध कुठेतरी. बेंजोची तार पिळता येते, पेटी कुठे पिळणार? अर्धा तास पेटीवाल्याला शिव्या घातल्या, मग ते बटन दिसलं. त्यावर खूण केलेली नव्हती. मग काळी एक धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने बटन हळूहळू फिरवत गेलो. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक थरथर येते, 'वावावा' अशी. ती मंद होत होत थांबली. पेटीला यंत्र लावून घेतलं, तानपुरा लावतात तसं. फक्त वाढलेल्या वेगात गायलेलं आता कमी वेगात वाजतं, त्यामुळे त्या गाण्यात माझा आवाज जरा जाड येतो. लोकांना वाटतं सर्दी होती.

भाचा म्हणतो, हे सगळं तुझ्यासारख्या हौशी माणसाला ठीक आहे. त्याला मी १९८२ सालच्या दोन गोष्टी सांगतो. त्या वर्षी जानेवारीत न्यू जर्सीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाने पहिल्याच पोर्टास्टुडिओवर घरच्या घरी गाणी रेकॉर्ड केली. उद्देश फक्त बँडला चाल कळावी हा. कॅसेट खिशात टाकून हिंडत होता. नंतर बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, ती काही जमली नाहीत आणि शेवटी त्या खिशातल्या कॅसेटवरूनच अल्बम निघाला. त्याच वर्षी आपल्या मुंबईत चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस, रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन बसला: टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ बेसला आणि ज्युपिटर-८ वर राग. डिस्कोच्या तालावर दहा राग. कॉम्प्युटर कुठेच नाही. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण पुढे शिकागोत ॲसिड हाउस या नावाचं जे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत गाजलं ते याने आधीच वाजवून ठेवलं होतं.

मला त्यात भविष्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त आवडते. ८०८ ला खालच्या बाजूला ओळीने सोळा बटणं आहेत. तीनतालाच्या सोळा मात्रा. काका बदलापूरला राहायला गेल्यापासून मीही एक छोटं ठेक्याचं यंत्र घेतलंय, त्यालाही सोळाच बटणं आणि फक्त लाल दिवे. रूपक तालासाठी सातव्यावर थांबवतो. दिवे बघत बसलं तर तेही स्क्रीनच होईल, म्हणून त्यावर रुमाल टाकतो. बायको म्हणते, पोपटाला झोपवल्यासारखं दिसतं.

तोटेही सांगतो, नाहीतर कुणी भारावून जाऊन असलं यंत्र घेऊन बसाल. आतला रबरी पट्टा सैल पडला की गाणं डुलायला लागतं. मी जुना पट्टा सुतळीने मोजून लॅमिंग्टन रोडवर गेलो, तिसऱ्या दुकानात जवळपासच्या मापाचा मिळाला. दर थोड्या दिवसांनी हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात. चांगल्या कोऱ्या कॅसेट, त्यातही क्रोमच्या (क्रोमियमचा लेप असलेल्या पट्टीच्या), शोधत फिरावं लागतं. पहाटे चारला नवी कल्पना सुचली तर ती वाजवून बघायला आधी टेप मागे गुंडाळावी लागते, आणि ती गुंडाळली जाईपर्यंत कल्पनेचा निम्मा जोर गेलेला असतो. काही कल्पना त्यामुळे वाचल्या, काही मेल्या. हिशेब ठेवलेला नाही.

आणि हो, शेवटी लॅपटॉप लागतोच. तुम्हाला ऐकवायचं म्हणजे फाइल हवी. चार पट्ट्यांचं मिश्रण एका छोट्या रेकॉर्डरमध्ये घेतो, त्याचं कार्ड लॅपटॉपला लावतो, पाठवतो आणि झाकण मिटतो.

परवा ते मोठ्या ढोलकीचं गाणं भाच्याला पाठवलं. पाच मिनिटांत फोन. त्याने ते लगेच त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं होतं. "मामा, दोन मिनिटं दहा सेकंदांना ढोलकी केवढी मोठी दिसतेय!"

"वाजतेय कशी?"

"अजून ऐकलं नाही रे. हेडफोन चार्जिंगला लावलाय."