तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट राबणाऱ्यांच्या लिनक्सवर विसंबायचं का?

प्रश्न साधारण असा असतो: "रास्पबेरी पायच्या जातीचं, दोन-चार हजारांचं एवढंसं कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर कुणीतरी हौसेनं सांभाळलेलं लिनक्स. सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर, घरातलं पाय-होल (घरभराच्या जाहिराती अडवणारा, वेबसाइटची नावं उलगडून देणारा सर्व्हर), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच्या भरवशावर सोडायचं का? त्या लोकांनी उद्या हात वर केले तर?" ठाण्यात हे विचारणारे निम्मे लोक स्वतः ऐरोली-महापेच्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळतात, त्यामुळे शंका रास्तच असते.

माझं उत्तर: खुशाल सोडा. त्या लोकांआधी तुमचा चार्जर हात वर करेल, त्यानंतर मेमरी कार्ड. पण आधी ही मंडळी नेमकं काय करतात ते सांगतो, म्हणजे कुठल्या दुखण्याला त्यांच्याकडे जायचं आणि कुठल्याला नाही ते कळेल.

पीसीवर लिनक्सची एकच आयएसओ (बसवायची तयार फाइल) कुठल्याही कंपनीच्या मशीनवर चालते, कारण आत काय काय जोडलंय ते पीसी विचारल्यावर सांगतो. एआरएम प्रोसेसरचं आपलं बोर्ड सांगत नाही. एलईडी कुठल्या पिनेवर, इथरनेटची चिप कुठल्या पत्त्यावर, कार्डाला वीज कुठल्या रेग्युलेटरकडून, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात द्यावं लागतं, आणि ही फाइल दर बोर्डाला वेगळी. बोर्ड विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या एकदा एक इमेज (कार्डावर लिहायचं तयार लिनक्स) वेबसाइटवर टाकतात आणि पुढच्या बोर्डाच्या मागे लागतात. मग ती जुनी कर्नल तशीच पडून राहते. २०१६ साली ऑलविनर या चिप कंपनीच्या ३.४ कर्नलमध्ये सापडलेलं भोक आठवा: एका प्रोक फाइलीत ठरावीक शब्द लिहिला की कुठलाही साधा यूजर रूट, म्हणजे मशीनचा मालक, होत होता. एच३ चिपची ढिगानं विकली गेलेली स्वस्त बोर्डं त्यात आली. फुकट राबणाऱ्यांचं काम इथे सुरू होतं. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियन प्रकल्पाची मंडळी बोर्डागणिक यू-बूट (कर्नलला सुरू करून देणारा बूटलोडर), कर्नल आणि डिव्हाइस ट्री जुळवतात आणि वर डेबियन किंवा उबुंटू हे नेहमीचं लिनक्स जसंच्या तसं ठेवतात. रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') २०१२ साली आलं तेव्हाही असंच घडलं. त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६ आणि डेबियनचं हार्ड-फ्लोट पोर्ट (दशांशाची गणितं थेट चिपवर करणारी आवृत्ती) त्यापुढच्या एआरएमव्ही७ साठी. मग मोजक्या स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजेस पुन्हा बांधून रास्पबियन उभं केलं.

म्हणून बोर्ड निवडताना रॅम आणि कोअर नंतर बघा. आधी आर्मबियनच्या यादीत त्या बोर्डाचा दर्जा काय ते बघा. 'प्लॅटिनम' किंवा 'स्टँडर्ड' असेल तर त्याला कुणीतरी वाली आहे. 'कम्युनिटी' असेल तर चाललं तर चाललं. माझं मत विचाराल तर दोन वर्षं जुनं, मेनलाइन म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत कर्नलवर नीट बसलेलं बोर्ड घ्या. कालच बाजारात आलेलं, फक्त कंपनीच्या स्वतःच्या कर्नलवर चालणारं आठ कोअरचं बोर्ड ज्यांना रविवार घालवायला आवडतो त्यांच्यासाठी आहे.

आता चार्जर. 'लिनक्स हँग होतं', 'यूएसबी डिस्क मधेच गायब होते' या तक्रारींत मी पहिला संशय विजेवर घेतो. गणित सोपं आहे. मोबाइलच्या बारीक केबलीतली तार २८ गेजची धरा; तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाणारी एक, येणारी एक, म्हणजे एक मीटर केबलीत ०.४२ ओहम. बोर्डानं १ अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट वाटेतच गळले, आणि ५ चे उरले ४.५८. रास्पबेरी पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतं ४.६३ ला. तेवढ्याच लांबीच्या २० गेजच्या केबलीत गळती जेमतेम ०.०७ व्होल्ट. "पण याच केबलीवर माझा फोन चार्ज होतो" असं म्हणू नका. फोनात बॅटरी आहे, तो कमी मिळालं तर हळू चार्ज होतो. बोर्डाकडे बॅटरी नाही, ते जागीच मरतं.

अंदाज करत बसू नका, मोजा. चाळीस पिनांच्या हेडरवर पिन २ म्हणजे ५ व्होल्ट आणि पिन ६ म्हणजे ग्राउंड. डिस्क जोडून, सगळे कोअर कामाला लावून तिथे मल्टिमीटर धरा. ४.८ च्या खाली काटा गेला तर आधी केबल बदला. पायवर व्हीसीजेनकमांड या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारलं की शून्य यायला हवं. शून्य-एक्स-५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलेलं आहे आणि वेगही कमी केला गेला आहे. इतर बऱ्याच बोर्डांवर असा इशाराच नसतो, म्हणून तिथे मल्टिमीटरला पर्याय नाही. आणि ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो मोठी शक्ती वरच्या व्होल्टेजला देतो, ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच. पाय ५ ला ५ अँपिअर लागतात. ३ च मिळाले तर ते चालतं, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअर देतं. त्यात एसएसडीचं भागेलच असं नाही.

राऊटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आता घरोघरी आहे. त्यावरून बोर्ड चालवायचं तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लागतो. एलएम२५९६ चं मॉड्यूल ३ अँपिअरचं म्हणून विकतात, २ च्या वर ते चटका देतं. जरा मोठं घ्या. बोर्ड न जोडता आउटपुटवर मल्टिमीटर लावायचा, स्क्रू फिरवून ५.१ वर आणायचा आणि मगच बोर्ड जोडायचं. हा क्रम उलटा झाला तर बोर्ड गेलं.

हा खटाटोप कशासाठी, तर पहिल्या वळवाच्या पावसासाठी. लाईट तासभर गेली तर एकदाच काय तो धक्का बसतो. पाच मिनिटांत चार वेळा जाते-येते तेव्हा बोर्ड अर्धं बूट झालेलं, फाइल सिस्टिम तपासत असतानाच पुन्हा कापलं जातं. कार्डाच्या पोटात फ्लॅशचे मोठे ठोकळे असतात. चार अक्षरं लिहायची तरी आतला कंट्रोलर अख्खा ठोकळा इकडून तिकडे हलवतो आणि आपली नोंदवही बदलतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता ती खराब होऊ शकते. आर्मबियन म्हणूनच लॉग रॅममध्ये दाबून ठेवतं आणि अधूनमधून कार्डावर उतरवतं. त्याची किंमत एवढीच की अचानक वीज गेली की शेवटचे लॉगही जातात. पाय-होल मात्र आपला डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये दर मिनिटाला लिहितं. डीबीइंटरव्हल हे सेटिंग वाढवून तासावर न्या. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तर कार्डावर करूच नका. त्याला डिस्क, आणि डिस्कला स्वतःची वीज असलेला हब.

कार्ड ३२ जीबीचं, ए१ शिक्क्याचं (हा शिक्का वेगाच्या दर्जाचा) पुरतं. विकत आणल्यावर पहिलं काम म्हणजे एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामनं ते पूर्ण भरून परत वाचणं. नकली कार्ड आकडा ३२ दाखवतं आणि आत ८ असतं. इमेज छान लिहिली जाते, महिनाभरानं नववा जीबी लिहायची वेळ आली की सगळं फाटतं, आणि बोल लिनक्सला लागतो. इमेजचा एसएचए-२५६ (फाइल धड उतरली का ते सांगणारा ठसा) वेबसाइटवरच्याशी जुळवा आणि लिहिल्यावर परत वाचून पडताळणारं एचरसारखं साधन वापरा.

घड्याळाकडे कुणाचं लक्ष नसतं. बहुतेक बोर्डांना बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आली की बोर्डाला वाटतं आपण कालच्याच वेळेत आहोत. मग 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून पॅकेजेस आणणारं एपीटी अडतं, सर्टिफिकेट नाकारली जातात. सगळ्यात नमुनेदार गाठ पाय-होलसोबत अनबाउंड, म्हणजे वेबसाइटची नावं उलगडताना त्यांची सही (डीएनएसएसईसी) तपासणारा सर्व्हर, लावलेल्यांकडे बसते: वेळ चुकीची म्हणून सही वैध ठरत नाही, सही वैध नाही म्हणून टाइम सर्व्हरचं नाव उलगडत नाही, नाव उलगडत नाही म्हणून वेळ दुरुस्त होत नाही. अख्ख्या घराचं इंटरनेट बंद, आणि शिव्या ब्रॉडबँडवाल्याला. दीडदोनशे रुपयांचं डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा. ते पिन १ च्या ३.३ व्होल्टवर जोडा, ५ वर नाही, नाहीतर आयटूसीच्या, म्हणजे मॉड्यूल आणि बोर्ड बोलतात त्या, तारांवर ५ व्होल्ट चढतात. त्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किटही असतं. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालणार असाल तर '२०१' छापलेला तो बारका रेझिस्टर आधी काढून टाका. हा सेल चार्ज करायचा नसतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात: मे महिन्यात टीव्हीच्या बंद कपाटात बोर्ड ठेवू नका, चिपवर हीटसिंक चिकटवा, ८० अंशांच्या जवळ पाय आपला वेग कमी करतं. खाडीकाठच्या इमारतीत खारी हवा पिनांवर हिरवं चढवते, म्हणून बाल्कनीही नको.

अपडेटला लोक घाबरतात, ते अर्धं बरोबर आहे. तुमच्या बोर्डावर पॅकेजेस दोन ठिकाणांहून येतात. डेबियनची जगभर लाखो मशीनवर गेलेली असतात, ती येऊ द्या, आपोआप येऊ द्या. कर्नल मात्र आर्मबियनकडून येते, आणि तुमच्या मॉडेलवर ती कदाचित एकाच माणसानं त्याच्या टेबलावर चालवून पाहिलेली असते. म्हणून आर्मबियन-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून कर्नल गोठवा, म्हणजे तिचं अपडेट थांबवा. गोठवताना कर्नल आणि डीटीबी (डिव्हाइस ट्रीची फाइल) दोन्ही पॅकेजेस गोठली आहेत ना ते बघा. एकच पुढे गेलं तर दोघांचा मेळ सुटतो. कायमचं गोठवूनही चालत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातही असतात. तीनचार महिन्यांनी एकदा कार्डाची पूर्ण नक्कल दुसऱ्या कार्डावर काढा, मग कर्नल मोकळी करून नवी येऊ द्या, बूट झालं की परत गोठवा. डेबियनच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना जुन्याच कार्डावर अपग्रेडच्या फंदात पडू नका. नवं कार्ड, नवी इमेज.

नक्कल म्हणजे अख्ख्या कार्डाची, फाइलींची नव्हे. ऑलविनरची चिप बूटलोडर कार्डाच्या ८ किलोबाइटवर शोधते, रॉकचिप या दुसऱ्या कंपनीची ३२ वर. ती जागा कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही, त्यामुळे फाइली कॉपी केलेलं कार्ड ढिम्म हलत नाही.

बोर्ड उठतच नसेल तर एचडीएमआयकडे बघत बसू नका, सिरियल केबल लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यासाठीचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर सहज मिळतो. ३.३ व्होल्टचाच घ्या. तीन तारा: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आरएक्सला (ऐकणारी), आरएक्स टीएक्सला. लाल तार मोकळी सोडा. वेग बहुतेकांचा ११५२००, पण रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांचा १५ लाख. सीपी२१०२ चा जुना अडॅप्टर १० लाखांवर थांबतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो. सीएच३४० किंवा एफटी२३२ चालतो. आता वाचा. काहीच आलं नाही तर वीज, कार्ड किंवा बूटलोडर. यू-बूटच्या ओळी येऊन थांबलं तर बूट फोल्डर. 'स्टार्टिंग कर्नल' नंतर शांतता असेल तर बहुधा डीटीबी. कर्नल धावली आणि रूट डिव्हाइसची वाट बघत बसली तर यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) चुकलाय किंवा डिस्क जागीच झाली नाही.

हे सगळं करूनही कोडं सुटलं नाही तरच त्या मंडळींकडे जा. जाताना बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन, इमेजचं पूर्ण नाव, आधी काय बदललं, चार्जर कुठला, आणि आर्मबियनमॉनिटर या आज्ञेला 'वजा यू' देऊन मिळालेली लॉगची लिंक न्या. बोर्ड उठतच नसेल तर सिरियलवरचा मजकूर. 'अपडेटनंतर चालत नाही' एवढ्यावर समोरचा माणूस काय करणार? तोही दिवसभर नोकरी करून रात्री बसलेला असतो.

आणि हात वर केले तर? तुमचं बोर्ड कम्युनिटीच्या यादीत जातं, नव्या कर्नल येणं मंदावतं किंवा थांबतं. बसवलेलं आहे ते त्या दिवशी बंद पडत नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. डेबियनची आवृत्ती तीन वर्षं पूर्ण आणि एलटीएस (पुढची लांबवलेली मुदत) धरून पाच वर्षं सांभाळली जाते, म्हणजे पॅकेजेसच्या दुरुस्त्या २०३० पर्यंत. तेवढ्या काळात दुसरं बोर्ड घेऊन ईटीसी हा सेटिंगचा फोल्डर आणि डेटा तिकडे हलवायला एक संध्याकाळ लागते, अर्थात त्यांची प्रत दुसरीकडे ठेवलेली असेल तर. नकलेचं कार्ड त्याच डब्यात टेपनं चिकटवून ठेवा, आणि वर मार्करनं तारीख घाला.