डेबियन बॅकपोर्ट: आवृत्ती क्रमांकातली ~ खूण

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १३ वी आवृत्ती 'ट्रिक्सी' ऑगस्ट २०२५ मध्ये स्टेबल (रोजच्या वापरासाठीची स्थिर आवृत्ती) झाली. तेव्हापासून तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या गोठल्या. येतात ती बहुतेक सुरक्षा आणि गंभीर दोषांची दुरुस्ती. एखादं पॅकेज नवं हवंच असेल तर टेस्टिंगमधलं (म्हणजे पुढच्या स्टेबलच्या तयारीतल्या आवृत्तीतलं) उचलून बसवू नका. ते नव्या ग्लिबसीवर (जवळजवळ सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या मूळ सी लायब्ररीवर) बिल्ड झालेलं असलं, की त्याच्या मागोमाग ग्लिबसीही टेस्टिंगमधली येते आणि स्टेबल स्टेबल राहत नाही. बॅकपोर्ट म्हणजे सोर्स टेस्टिंगचा, बिल्ड मात्र स्टेबलच्या वातावरणात.

सोर्स उतरवून चेंजलॉगमध्ये (पॅकेजमधल्या बदलांच्या यादीत) नवी नोंद करायची. २.४-१ ची आवृत्ती २.४-१~बीपीओ१३+१ होते (बीपीओ१३ म्हणजे डेबियन १३ साठीचा बॅकपोर्ट). डीपीकेजीच्या (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या) हिशेबात ~ ही खूण 'काहीच नाही' याच्याही आधी लागते, म्हणून बॅकपोर्ट मूळ २.४-१ पेक्षा लहान ठरतो. पुढच्या स्टेबलमध्ये २.४-१ असलं तरी अपग्रेडच्या वेळी बॅकपोर्ट आपोआप बाजूला होतो. ~ ऐवजी + लिहिलात तर जुनं बिल्ड नव्या सिस्टीमवरही ठाण मांडून बसेल.

बिल्ड एसबिल्डसारख्या साधनाने, ट्रिक्सीच्या स्वच्छ क्रूटमध्येच (मशीनच्या मूळ सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) करा. टेस्टिंग असलेल्या मशीनवर केलंत तर अवलंबित्वं तिथल्या लायब्ररींवरून ठरतात आणि पॅकेज स्टेबलवर बसत नाही. बिल्डसाठी लागणारं एखादं पॅकेज स्टेबलमध्ये जुनं निघालं, तर आधी ती अट खरंच लागते का ते तपासा. पुष्कळदा नुसता आकडा वाढवलेला असतो. खरंच लागत असेल तर तेही बॅकपोर्ट करावं लागतं. ही साखळी मूळ लायब्ररींपर्यंत पोचली की थांबणंच शहाणपणाचं. बाकी बदल अगदी कमीत कमी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अटींमधल्या आकड्यांचा. समजा, २.४-१ मध्ये एक फाइल मुख्य पॅकेजमधून डेटा पॅकेजमध्ये हलवली आणि डेटा पॅकेजने 'मुख्य पॅकेज २.४-१ पेक्षा जुनं असेल तर चालणार नाही' अशी ब्रेक्सची अट घातली. बॅकपोर्ट केलेलं मुख्य पॅकेज २.४-१ पेक्षा जुनंच मोजलं जातं, म्हणजे दोन्ही बॅकपोर्ट एकमेकांसोबत बसणारच नाहीत. अटीत २.४-१~ लिहिलं की प्रश्न मिटतो. 'किमान २.४-१ हवं' अशा अटीलाही तोच उपाय. टेस्टिंगमध्ये हे कधीच दिसत नाही, म्हणून मूळ पॅकेजमध्येच ही खूण घालून ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने बॅकपोर्ट्सचं प्राधान्य १०० असतं, नेहमीच्या रिपॉझिटरीचं ५००. त्यामुळे आपणहून काही येत नाही. नाव घेऊन मागवावं लागतं. एकदा बसवलं की पुढची अपडेट मात्र बॅकपोर्ट्समधूनच येत राहतात. आणि डेबियनची सुरक्षा टीम यांची जबाबदारी घेत नाही: टेस्टिंगमध्ये दुरुस्ती आली की ती इथे आणायची अपलोड करणाऱ्याने. तेवढा पाठपुरावा जमणार नसेल तर अपलोड करूच नका.