लॉन काढलं, खडी टाकली

बंगल्यापुढे हिरवंगार लॉन हवं, ही हौस आमच्या ह्यांची. मे महिन्यात टँकरचं पाणी गवताला पाजायचं आणि पावसाळ्यात तेच गवत कापायला माणूस शोधत फिरायचं, हा उद्योग मला कधीच पटला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एकदाचं ते काढलं आणि दगड टाकायचं ठरवलं. साताऱ्यात दगडाला काय तोटा? पायाखाली सगळा काळा पाषाणच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

पण नर्सरीत गेलं की हा दगड कुणी दाखवत नाही. पांढरेशुभ्र गुळगुळीत गोटे पुढे करतात, तेही किलोवर. नमुन्याचा एक गोटा घरी आणला, ओट्यावर ठेवला आणि वर अर्धं लिंबू पिळलं. रस पडला तिथे बारीक बारीक बुडबुडे आले. म्हणजे संगमरवर, चुन्याच्याच नात्यातला. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी. त्यात हे गोटे झिजून आणखी चुना सोडणार. अनंतासारख्या झाडाला ते मुळीच मानवत नाही. लोह जमिनीत असूनही त्याला घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शिवाय सावलीतला पांढरा गोटा श्रावणापर्यंत शेवाळाने हिरवा होतो तो वेगळाच. मग बसा ब्रश घेऊन घासत!

तेव्हा सरळ दगड फोडून खडी करणाऱ्या क्रशरवर गेले. आमची जागा ३०० चौरस फूट. दोन इंचांचा थर धरला तर ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. वजनात साधारण दोन टन. हेच किलोवर घ्यायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब ह्यांना करून दाखवला आणि गोट्यांचा विषय तिथेच मिटला.

“ताई, स्लॅबला पाहिजे का?” क्रशरवाल्याने विचारलं.

“नाही, बागेला.”

“बागेला खडी?” तो हसला, पण २० मिमीचा माल दाखवला. मी कच नसलेली, धुतलेली खडी मागितली. खडीला चिकटून आलेली भुकटी पहिल्या पावसात खाली बसते, तिचा थर घट्ट होतो आणि त्यात गवत मजेत उगवतं. क्रशरची खडी कोनांची असल्यामुळे एकमेकांत बसते, पायाखाली सरकत नाही. गोल गोट्यांवरून वयस्कर माणसाने चालून दाखवावं.

खरं काम दगड टाकण्याआधीचं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर त्याचे कोंब कापडसुद्धा भोसकून वर येतात. एप्रिलमध्ये जमीन खणून ढेकळं उन्हात तापू दिली आणि गाठी वेचून काढल्या. कंबर गेली, पण त्याला दुसरा इलाज नाही. हरळी कडेने शिरते, म्हणून सगळीकडून उभ्या विटांची कड केली. खाली जिओ फॅब्रिक, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, घातलं. लोक प्लॅस्टिकचा कागद घालतात, कारण तो स्वस्त पडतो. पण पाणी मुरत नाही, वरच्या वर साचतं आणि कडेच्या झाडांची मुळं कुजतात.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र पुढच्या अंगणातला नाहीच. मागच्या पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात, तिथे दरवर्षी ओळीने खळगे पडायचे आणि चिखल उडून भिंत गुडघाभर रंगायची. तिथे दीड फूट रुंदीचा पट्टा खणून ४० मिमीची खडी भरली. यंदाच्या पावसात भिंत कोरडी नाही, पण स्वच्छ राहिली. बाकी काही करायचं नसेल तरी एवढं कराच.

आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, तक्रार रास्त होती. “अगं, रांगोळी कुठे काढू? आणि सांडगे काय तुझ्या खडीवर घालू?” म्हणून तुळशीभोवती आणि फाटकापर्यंत शहाबादी फरशी घातली. ती जरा रुंदच ठेवली, वाळवणाची खाट मावेल इतकी. (शहाबादीही चुनखडकच, लिंबू पिळून पाहा. पण फरशी काही अनंताच्या बुंध्याशी घालत नाहीत.)

काळा दगड एप्रिल-मेमध्ये भयंकर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. त्यामुळे खिडकीखाली तो घातला नाही, तिथे अडुळसा आहे. खडीत कोरफड, घायपात, कण्हेर आणि एक पांढरा चाफा. चाफ्याची पानं मोठी, हाताने उचलता येतात. शेवग्याखाली खडी चुकूनही घालू नये. त्याची चिमुकली पानं फटीत शिरतात, कुजून माती होते आणि त्यावर पुन्हा गवत उगवतं. विंचवाच्या भीतीने मोठे दगड रचले नाहीत, आणि खडी उकरायची झाली तर हातात खुरपं असतंच.

काम उरतंच. आठवड्यातून एकदा खराटा हलक्या हाताने फिरवायचा, पावसाळ्यात चुकार गवत मुळासकट उपटायचं. मे महिन्यात थोडी थोडी खडी चाळणीत घेऊन पाणी मारायचं, की खालची माती निघून जाते. पाण्याचा टँकर मात्र बागेसाठी पुन्हा मागवलेला नाही.

आमचं बघून शेजारच्यांनीही बाग केली, पण ग्रिट, म्हणजे अगदी बारीक खडी, घालून. दिसते छान. आळीतली झाडून सगळी मांजरं आता पहाटे तिकडेच जातात. मी त्यांना सांगितलंय, वरून पाऊण इंची खडीचा थर द्या. ते अजून मांजरांनाच हाकलतायत.