वाडग्यांची नोंद: सरकलेलं ग्लेझ, बिब्बा आणि नागपूरचा पाऊस

या खेपेचे सगळे वाडगे चाकाला हात न लावता घडवले. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो या कुंभारानं चहाचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी राकू, म्हणजे चहाचे, वाडगे असेच हातानं केले होते, म्हणून हा हट्ट. काम मे महिन्यातलं. कूलरचा झोत लागला त्या बाजूची माती आधी वाळली, आधी आकसली, आणि काठ तिकडे किंचित खाली ओढला गेला. पूर्वी असा काठ मी घासून सपाट करायचे. आता ओठाला टोचत नाही ना, चहा सांडत नाही ना, एवढंच पाहते.

खरी गंमत एका वाडग्याच्या बुडाशी झाली. ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा लेप, आकसून त्याचे दाणे दाणे झालेत आणि मधून उघडी माती दिसते. आपण याला क्रॉलिंग म्हणतो आणि कारणं शोधत बसतो: बिस्कवर (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या भांड्यावर) धूळ होती, तेलकट बोट लागलं, थर जाड बसला. जपानी चहावाले यालाच काइरागी म्हणून मिरवतात. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातल्या कोहोआन या उपमंदिरात किझाएमोन नावाचा इदो (चहाच्या जुन्या कोरियन वाडग्यांचा एक प्रकार) वाडगा आहे. घडला कोरियात, आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा, आणि त्याच्या बुडाशी हेच दाणे. माझा वाडगा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण घासायला काढलेला कानस मी परत ठेवला.

मुद्दाम वाकडं केलेलं काम मात्र मला अजिबात पटत नाही. वाबी-साबीच्या (अपुरेपणात सौंदर्य पाहायच्या जपानी दृष्टीच्या) नावाखाली अंगठ्यानं काठ दाबायचा, म्हणजे नव्या पॅन्टला गुडघ्यावर भोक पाडणं झालं. भट्टीनं केलं ते ठेवावं. आपण नाटक काहून करायचं?

आता किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं उरुशीनं जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावायची जपानी पद्धत. उरुशी म्हणजे झाडाचा चीक. तो रंगासारखा उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो: साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता, २० ते ३० अंश तापमान. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नाव काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं काम हवाच करते; उघडीप पडली की मी खोक्यात ओला फडका ठेवते. मैद्यात उरुशी मळून तुकडे जोडलेत. हातमोजे घालाच, कारण उरुशी आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्याच्या अंगावर कधी बिब्बा उतला असेल, त्याला जास्त सांगायला नको. (आंबाही त्याच कुळातला.)

टवके उडाले तिथे भरायला तोनोको या जपानी मातीच्या बारीक पुडीऐवजी चितारओळीतली शाडू वस्त्रगाळ करून वापरली. चालते, पण पॉलिश पेपर मारल्यावर बारीक छिद्रं उरतात. दुसरा थर द्यावा लागला.

सोन्याची पूड परवडत नाही. पितळेची चहाच्या भांड्याला नको. चांदीची घ्यायची ठरवलंय. काळी पडेल, तर पडू दे. इतवारीत विचारून आले, वर्ख मिळतो, बारीक पूड नाही. कुणाला ठिकाण माहीत असेल तर पाऊस संपायच्या आत सांगा.