नातवंडांशी खेळायचंय? मग आधी जमिनीवरून उठायचा सराव

साठीनंतर पुन्हा व्यायामाला लागणारे बहुतेक जण चालायला जातात. चालणं चांगलंच, पण नातवंडांसाठी तेवढं पुरत नाही. दोन वर्षांचं मूल साधारण १२ किलोचं असतं. ते तुम्हाला जमिनीवर बसवतं, आणि तुम्ही टेकलात न टेकलात तोच दुसऱ्या खोलीत पळतं. तिथे कामाला येते ती मांड्यांची ताकद आणि तोल.

सुरुवात खुर्चीपासून. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढच्या कडेशी सरकून बसा आणि पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पुढे झुका, श्वास सोडत उठा आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. मांड्यांना खाली येतानाही काम पडतं. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. हात टेकल्याशिवाय उठवत नसेल, तर बैठकीवर जाड ब्लँकेटची घडी ठेवून उंची वाढवा आणि जमू लागलं की एकेक घडी कमी करा.

ते जमलं की जमिनीवरून उठणं. मांडी घातलेली असेल तर थेट उभं राहायची घाई नको. आधी कुशीवर कलून दोन्ही हात टेका, रांगायच्या स्थितीत या, मजबूत पाय पुढे घेऊन त्याचं पाऊल पूर्ण टेकवा, हात खुर्चीवर ठेवा आणि पुढच्या टाचेवर जोर देत उठा. उठल्यावर दहा सेकंद तिथेच थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. गुडघ्याखाली उशी घ्यायला लाजू नका.

तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावा आणि ३० सेकंद थांबा, मग पाय बदला. एवढंच, पण रोज.

मूल उचलताना एक गुडघा जमिनीला टेकवा, मुलाला छातीशी घट्ट घ्या आणि मगच उठा. हात लांब ठेवून उचललं की तेच १२ किलो कमरेला कितीतरी जड पडतं. वजन अंगावर असताना कमरेतून वळू नका, पावलं फिरवा. आणि लहानग्याचा एक हात धरून त्याला कधीही वर ओढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपर अशा हिसक्याने सरकतं.

बिघडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ताकद आल्यासारखी वाटते, उत्साहाच्या भरात दुप्पट केलं जातं आणि गुडघा किंवा टाच धरते. स्नायू लवकर सुधारतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार हळू, म्हणून आठवड्याला एक-दोन उठाबशाच वाढवा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक. सांध्यात टोचलं, सूज आली किंवा दुखणं तीन दिवसांवर रेंगाळलं, तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर या. छातीत दाब आला किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. हृदयविकार असेल किंवा सांधा बदललेला असेल, तर मात्र सुरू करण्याआधीच विचारा.

नाडी मोजत बसायची गरज नाही. काही गोळ्यांनी ती तशीही संथच राहते. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

उठाबशा मोजायला नातवंडाला समोर बसवा. सातनंतर ते थेट दहा म्हणेल. उरलेल्या दोन नंतर गुपचूप काढा.