मन नसलं तरी सहा वाजता चालायचं

"अगं, थेरपीत तरी काय, बोलायचंच ना? मग आमच्याशी बोल की!" मैत्रिणी असं म्हणायच्या आणि खरंच तासन् तास ऐकूनही घ्यायच्या. त्यांचे उपकार मी कधीच विसरणार नाही. पण डिप्रेशनमधून मला बाहेर काढलं ते एका तक्त्याने.

मी हिशेब तपासते, त्यामुळे रकाने ओळखीचे. थेरपिस्टनी दिलेल्या तक्त्यात प्रत्येक तासाला काय केलं ते लिहायचं होतं आणि पुढे दोन आकडे, 0 ते 10: किती बरं वाटलं, किती जमलं. सुरुवातीला जवळजवळ सगळीकडे 'पडून होते'. मॅडमनी बोट ठेवलं ते 'कुंड्यांना पाणी घातलं, बरं वाटलं 3' या ओळीवर. "सगळा आठवडा सारखाच वाईट गेला म्हणालात ना? मग हा 3 कुठून आला?"

माणूस उदास झाला की एकेक गोष्ट सोडत जातो. सोडली की आनंदाची तेवढी जागा कमी होते आणि उदासी वाढते. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी 1970च्या दशकात हे चक्र मांडलं. पुढे 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी आरन बेक यांच्या, विचार आणि कृती दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा फक्त कृतींचा भाग मिळालेले रुग्णही पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले. मला हे फार मोलाचं वाटतं. 'मन झालं की करीन' म्हणून थांबलं तर या आजारात मन होतच नाही. म्हणून सहा वाजता दहा मिनिटं चालायचं असं आधीच लिहून ठेवायचं, आणि सहा वाजले की निघायचं.

विचारांचं काम नंतर आलं. 'मी सगळ्यांना ओझं झालेय' हा विचार मला निर्विवाद खरा वाटायचा. मॅडम विचारायच्या, याचं व्हाउचर दाखवा. बाजूने काय, विरुद्ध काय, दोन्ही लिहायचं. याला कुणी 'पॉझिटिव्ह थिंकिंग' म्हटलं की मला राग येतो. गोड बोलून स्वतःला पटवायचं नसतं, पुरावा तपासायचा असतो.

गोळ्याही घेतल्या. आजार तीव्र असेल तर गोळ्या आणि थेरपी दोन्ही मिळून सहसा जास्त गुण येतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मला सुटल्यासारखं झालं. तसे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

डिप्रेशन बरं झालं तरी पुन्हा येऊ शकतं. म्हणून शेवटच्या सेशन्समध्ये आम्ही माझी सुरुवातीची लक्षणं लिहून काढली: फोन न उचलणं, आंघोळ पुढे ढकलणं, जेवणाऐवजी नुसता चहा. एक प्रत नवऱ्याकडे आहे, कारण माझ्याआधी त्याच्याच लक्षात येतं.